टांगानिका भुईमूग योजना

दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रेट ब्रिटनच्या शासनाने पूर्व आफ्रिकेतील टांगानिका (सध्याच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) या आपल्या प्रशासनाखालील विश्वस्त प्रदेशात हाती घेतलेली व १९५१ मध्ये सोडून दिलेली एक प्रचंड कृषियोजना. काटेरी झुडपांचे आणि वृक्षांचे रान अवजड यंत्रांनी मोडून सु. ३२ लाख एकर (सु. १३ लाख हेक्टर) जमीन सहा वर्षांत वहितीखाली आणावयाची, तीत भुईमूग पिकवावयाचा आणि त्यायोगे ब्रिटनमधील खाद्यतेलाची टंचाई दूर करावयाची, असे तिचे मूळ स्वरूप होते. नियोजित क्षेत्र महाराष्ट्रातील जळगाव जिल्ह्याच्या एकूण क्षेत्रफळाहूनही अधिक होते. प्रत्यक्षात या लक्ष्याचा अल्प अंशच साध्य झाला आणि सु. ३ कोटी ६० लाख पौंडांची रक्कम शासनाला बुडीत खाती टाकावी लागली. शासकीय नियोजनाच्या अपयशाचे उदाहरण म्हणून या योजनेचा उल्लेख नेहमी केला जातो. तथापि तिचा अधिक उपयुक्त अभ्यास एका मर्यादित प्रश्नाच्या संदर्भात करता येतो. पडीक वा जंगली जमीन साफ करण्यासाठी अवजड यंत्रसामग्री विकत घ्यावी की नाही, हा निर्णय कोणत्या माहितीवर आधारावा, हा तो प्रश्न होय.

पार्श्वभूमी : युद्ध १९४५ मध्ये संपले, तरी ब्रिटनमधील अन्नधान्याचे नियंत्रित वाटप चालूच राहिले. लोणी, मार्गारीन, स्वयंपाकाची चरबी व साबण यांचा तुटवडा विशेष जाणवत होता. युद्धापूर्वी भुईमुगाच्या जागतिक निर्यातीत भारताचा वाटा फार मोठा होता; परंतु युद्धकाळात व त्यानंतर भारतातील अंतर्गत मागणी वाढल्याने ही निर्यात घटली. डॉलरची तीव्र टंचाई असल्यामुळे अमेरिकेकडून तेल व चरबी विकत घेणे ब्रिटनला परवडणारे नव्हते. अशा स्थितीत स्टर्लिंग चलनक्षेत्रातच, म्हणजे स्वतःच्या वसाहतींत, तेलबियांचे उत्पादन वाढविण्याची कल्पना पुढे येणे स्वाभाविक होते.

त्या काळी पश्चिम आफ्रिकेत, विशेषतः नायजेरियाच्या उत्तर भागातील कानो परिसरात, लहान शेतकरी हातकुदळीने मशागत करून भुईमूग पिकवीत असत. कानोपर्यंत लोहमार्ग १९१२ मध्ये पोहोचल्यानंतर हे पीक तेथे झपाट्याने वाढले होते व महायुद्धानंतर तेथून वर्षाला दोन लाख टनांहून अधिक भुईमूग निर्यात होत होता. मालडबे व इंजिने यांच्या अभावी कानो येथे भरलेल्या पोत्यांचे मनोऱ्यासारखे ढीग महिनोन् महिने पडून राहत. पिकलेला माल बंदरापर्यंत नेण्याची सोय वाढविणे हा टंचाईवरचा एक उपाय होता आणि तो तुलनेने स्वस्त होता. परंतु शेकडो मैल दूर विखुरलेल्या लक्षावधी शेतकऱ्यांच्या मंद गतीच्या शेतीवर विसंबून राहण्यापेक्षा नव्या प्रदेशात यंत्राच्या बळावर एकदम मोठे उत्पादन काढावे, हा विचार त्या वेळी अधिक आकर्षक वाटला. युद्धातील अनुभवही त्याला पोषक होता. बुलडोझरच्या साहाय्याने काही दिवसांत जंगल तोडून धावपट्ट्या तयार झालेल्या लोकांनी पाहिल्या होत्या.

प्रस्ताव व पाहणी : पश्चिम आफ्रिकेत व्यापार करणाऱ्या युनायटेड आफ्रिका कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक फ्रँक सॅम्युएल यांनी मार्च १९४६ मध्ये ब्रिटिश अन्नखात्यापुढे या योजनेची मूळ कल्पना मांडली. तिचा विचार करण्यासाठी टांगानिकाच्या शेतीखात्याचे माजी संचालक जॉन वेकफील्ड यांच्या नेतृत्वाखाली तीन सदस्यांचे एक मंडळ त्याच वर्षी उन्हाळ्यात आफ्रिकेत पाठविण्यात आले. मंडळाने सु. नऊ आठवडे प्रवास केला. पाहणीचा बराच भाग विमानातून झाला. सप्टेंबर १९४६ मध्ये सादर झालेल्या अहवालात प्रत्येकी ३०,००० एकरांचे १०७ घटक सुचविण्यात आले. त्यांपैकी ८० टांगानिकात, १७ उत्तर ऱ्होडेशियात (सध्याचा झँबिया) व १० केन्यात उभारावयाचे होते. सर्व मिळून ३२,१०,००० एकर जमीन सहा वर्षांत लागवडीखाली येईल, त्यासाठी सु. २ कोटी ४० लाख पौंड भांडवल लागेल आणि १९५०–५१ पर्यंत वर्षाला सहा लाख टन भुईमूग मिळू लागेल, असा अंदाज होता.

या आकड्यांत एक अंतर्गत सुसंगती होती. एका ट्रॅक्टरने तासात किती क्षेत्र साफ होते, ट्रॅक्टर दिवसात किती तास व वर्षात किती दिवस चालतो, इंधन किती लागते, यांचा गुणाकार करून एकरी खर्च काढलेला होता. परंतु गुणाकाराची मूळ अंगे त्या भूमीवर तपासून पाहिलेली नव्हती. त्या प्रदेशात अवजड यंत्राने रान मोडण्याचा प्रयोग तोपर्यंत कोणी केलेला नव्हता. मृदेचे सविस्तर परीक्षण झालेले नव्हते आणि पर्जन्यमानाच्या नोंदी मोजक्याच ठिकाणच्या व थोड्या वर्षांच्या होत्या. निवडलेली जमीन विस्तीर्ण, सलग व जवळजवळ निर्मनुष्य होती, हा तिचा मोठा गुण मानला गेला. कारण तेथे कोणाला विस्थापित करावे लागणार नव्हते. ती निर्मनुष्य का राहिली, या प्रश्नाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेले नाही. त्सेत्से माशी हे त्याचे एक कारण होते व रान काढले म्हणजे माशीचाही नाश होईल, हे अनुमान बरोबर होते. दुसरे कारण पाणी हे होते. मध्य टांगानिकातील गोगो जमातीचा हा प्रदेश वारंवार पडणाऱ्या दुष्काळांसाठी प्रसिद्ध होता. तेथील लोक गुरे पाळीत आणि पावसाचा भरवसा असेल तेथेच ज्वारी-बाजरीसारखी धान्ये घेत.

प्रथम काही हजार एकरांवर दोन-तीन हंगाम प्रयोग करून पाहावा आणि मगच विस्ताराचा निर्णय घ्यावा, असा पर्याय उपलब्ध होता. टंचाई तातडीची असल्याने एवढा वेळ घालविणे योग्य नाही, असे मानून तो बाजूस ठेवण्यात आला. तत्कालीन अन्नमंत्री जॉन स्ट्रेची यांनी नोव्हेंबर १९४६ मध्ये योजनेला मान्यता मिळाल्याचे जाहीर केले. विशेष महामंडळ स्थापन होईपर्यंत युनायटेड आफ्रिका कंपनीने शासनाची अभिकर्ती म्हणून काम पाहावे, असे ठरले. कामासाठी स्वेच्छेने पुढे आलेल्या माजी सैनिकांचे एक लाखांहून अधिक अर्ज आले.

यंत्रखरेदीचा निर्णय : योजना मान्य होताच पहिला प्रश्न यंत्रांचा उभा राहिला. रान मोडण्यासाठी लागणारे साखळी-पट्ट्यांचे अवजड ट्रॅक्टर त्या काळी मुख्यतः अमेरिकेत तयार होत. ब्रिटनमध्ये तशा ट्रॅक्टरांचे उत्पादन जवळजवळ नव्हतेच. अमेरिकन कारखान्यांकडे युद्धोत्तर बांधकामाच्या मागण्या साचलेल्या होत्या आणि नव्या यंत्रांसाठी दीर्घकाळ थांबावे लागणार होते. अशा वेळी यंत्रे मिळेपर्यंत काम पुढे ढकलणे किंवा मिळतील ती यंत्रे घेणे, असे दोन मार्ग होते. कार्यक्रमाच्या तारखा आधीच जाहीर झालेल्या असल्यामुळे दुसरा मार्ग पत्करला गेला.

जगभरच्या युद्धसाहित्याच्या शिल्लक साठ्यांतून वापरलेले ट्रॅक्टर व बुलडोझर गोळा करण्यात आले. फिलिपीन्समधील अमेरिकन सैन्याच्या तळांवरून आलेल्या यंत्रांचा त्यांत मोठा भरणा होता. ही यंत्रे उष्ण व दमट हवेत उघड्यावर पडून होती. अनेकांचे भाग झिजलेले होते, काहींचे काढून घेतलेले होते. निरनिराळ्या उत्पादकांची व निरनिराळ्या काळांतील यंत्रे एकत्र आल्याने सुट्या भागांचा एकसारखा साठा करणे अशक्य झाले. स्वस्तात मिळालेला ट्रॅक्टर दुरुस्तीसाठी उभा राहिला, की त्याचा चालक, त्याच्या मागून काम करणारी अवजारे आणि ठरलेला हंगाम ही सर्वच अडकून पडत. त्यामुळे खरेदीच्या किमतीत झालेली बचत भरून निघण्याऐवजी नाहीशी होत असे.

नव्या यंत्रांची उणीव भरून काढण्यासाठी आणखी एक मार्ग शोधण्यात आला. शर्मन जातीच्या युद्धोपयोगी रणगाड्यांचे रूपांतर ट्रॅक्टरांत करण्याचे काम व्हिकर्स-आर्मस्ट्राँग या कारखान्याकडे देण्यात आले. शर्मन व व्हिकर्स या दोन नावांवरून या यंत्रांना ‘शेरविक’ असे नाव पडले. रणगाडा हा वेगाने चालण्यासाठी व मारा सहन करण्यासाठी बनविलेला असतो. मंद गतीने, तासन् तास, सतत ओढ देण्यासाठी त्याची रचना नसते. शेतीच्या कामात शेरविक समाधानकारक ठरले नाहीत.

खरेदीचा विचार करताना सर्व भर यंत्रांच्या संख्येवर होता. यंत्रांच्या मागे उभी राहावयाची व्यवस्था त्या मानाने दुय्यम मानली गेली. अवजड ट्रॅक्टर चालू ठेवण्यासाठी सुसज्ज कर्मशाळा, अनुभवी यंत्रज्ञ, सुट्या भागांचे कोठार, इंधनाचा अखंड पुरवठा व शिकविलेले चालक लागतात. मध्य टांगानिकात यांपैकी काहीच नव्हते. दारेसलाम हे एकमेव सोयीचे बंदर होते. तेथे अवजड माल उतरविण्याच्या सोयी अपुऱ्या होत्या. तेथून काँग्वा भागाकडे जाणारा लोहमार्ग एकेरी व मीटरमापी होता आणि पावसाळ्यात तो काही ठिकाणी वाहून जात असे. ट्रॅक्टर बंदरात उतरले, तरी त्यांची अवजारे दुसऱ्या जहाजात आणि सुटे भाग तिसऱ्या जहाजात असा प्रकार होऊ लागला. बंदरातील गोंधळात मालाच्या पेट्या शोधून काढणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसले. सप्टेंबर १९४७ मध्ये दारेसलाम येथील गोदी कामगारांनी संप केला व तो लोहमार्गालगतच्या भागांत पसरला. योजनेमुळे वाढलेली महागाई व अपुरे वेतन ही त्यामागील कारणांपैकी होती.

काँग्वा येथील अनुभव : योजनेची तीन केंद्रे निवडण्यात आली होती : मध्य भागातील काँग्वा, पश्चिमेकडील उरांबो आणि दक्षिणेकडील नाचिंग्वेआ. दक्षिणेकडील जमीन व पाऊस अधिक अनुकूल होते. परंतु तेथे बंदर व लोहमार्ग नसल्याने कामाचा आरंभ काँग्वापासून करण्यात आला. पहिली तुकडी १९४७ च्या प्रारंभी तेथे पोहोचली. पाणी दुरून आणावे लागे आणि राहण्यासाठी तंबू होते.

काँग्वाचे रान वरून पाहता फार कठीण वाटत नसे. माणसाच्या डोक्याहून थोडी उंच, एकमेकांत गुंतलेली काटेरी झुडपे आणि मधूनमधून गोरखचिंचेची अवाढव्य झाडे, असे त्याचे रूप होते. बुलडोझर ही झुडपे सहज आडवी करी. पुढे दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये जहाजाच्या नांगराची जाड साखळी बांधून ती रानातून ओढीत नेण्याची युक्ती वापरण्यात आली आणि मागून येणारा बुलडोझर उरलेली झाडे ढकलू लागला. या पद्धतीने आडवे होणारे क्षेत्र मोठे असे व त्याचे आकडे उत्साहजनक दिसत.

अडचण त्यानंतरच्या कामात होती. कोरड्या प्रदेशातील झुडपे पाण्याच्या शोधात मुळे खोलवर व दूरवर पसरवितात. वरचा भाग मोडून पडला, तरी जमिनीखालील मुळांचे जाळे तसेच राही. नांगर व पेरणीयंत्र यांच्यासाठी ते पूर्ण उपटून काढणे आवश्यक होते. मुळे उपटण्याच्या अवजारांचे दात त्यांत अडकून वाकत किंवा तुटत. मूळ अंदाजात रान आडवे करणे व जमीन पेरणीयोग्य करणे या दोन क्रियांतील अंतर फार कमी धरलेले होते. प्रत्यक्षात खर्चाचा व वेळेचा मोठा भाग या दुसऱ्या क्रियेतच जाऊ लागला आणि एकरी खर्च अंदाजाच्या कित्येक पट झाला.

मृदेने यात भर घातली. काँग्वाच्या जमिनीत चिकणमातीबरोबर गारेची तीक्ष्ण वाळू मिसळलेली आहे. पाऊस संपताच ही माती भाजलेल्या विटेसारखी कठीण होते आणि तीतील वाळू नांगराचे फाळ व तव्या कानशीने घासल्याप्रमाणे झिजविते. भुईमुगाच्या बाबतीत या गुणधर्माला विशेष महत्त्व आहे. फुलोऱ्यानंतर भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत शिरतात व शेंगा जमिनीच्या आत पोसतात. म्हणून या पिकाला भुसभुशीत जमीन मानवते. घट्ट मातीत आऱ्या नीट शिरत नाहीत आणि काढणीच्या वेळी जमीन कडक झाली, तर शेंगा मातीतच राहतात. खानदेशातील किंवा सौराष्ट्रातील भुईमूग पिकविणाऱ्या शेतकऱ्याला हे अनुभवाने ठाऊक असते. काँग्वा येथे ते पेरणी झाल्यानंतर ध्यानात आले. शिवाय तेथील पाऊस वार्षिक सरासरीने ५०० मिमी.च्या आसपास व अत्यंत अनियमित होता.

चालकांचा प्रश्नही तितकाच गंभीर होता. स्थानिक आफ्रिकी तरुणांना थोड्या दिवसांचे शिक्षण देऊन अवजड ट्रॅक्टरांवर बसविण्यात आले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी यापूर्वी कोणतेही यंत्र हाताळलेले नव्हते आणि त्यांना शिकविणाऱ्यांनाही या भूमीचा अनुभव नव्हता. जुनी यंत्रे, नवे चालक व अपुरी कर्मशाळा यांच्या संयोगाचा परिणाम लवकरच दिसला. १९४७ च्या शरद ऋतूपर्यंत काँग्वा येथील बहुसंख्य ट्रॅक्टर नादुरुस्त होऊन उभे होते. पहिल्या वर्षी १,५०,००० एकर साफ करण्याचे लक्ष्य होते. वर्षाच्या अखेरीस पेरणीसाठी तयार झालेली जमीन ७,५०० एकरांच्या आसपास भरली.

योजनेचा संकोच व समाप्ती : १९४८ मध्ये योजनेची सूत्रे नव्याने स्थापन झालेल्या ओव्हरसीज फूड कॉर्पोरेशन या शासकीय महामंडळाकडे गेली. लेस्ली प्लमर हे त्याचे अध्यक्ष होते. पहिल्या वर्षाच्या अनुभवानंतर थांबून फेरविचार करण्याची ही योग्य वेळ होती. परंतु तोपर्यंत यंत्रे विकत घेतलेली होती, माणसे नेमलेली होती, वसाहती उभ्या राहत होत्या आणि दक्षिणेत म्ट्वारा येथे नवे बंदर व तेथून नाचिंग्वेआकडे लोहमार्ग बांधण्याचे काम हाती घेतलेले होते. झालेला खर्च वाया जाऊ नये, या विचाराने पुढील खर्चाला मान्यता मिळत गेली. विरोधी पक्षाच्या टीकेमुळे हा प्रश्न राजकीय प्रतिष्ठेचाही झाला.

१९४९ मध्ये काँग्वा भागात अवर्षण पडले. भुईमुगाबरोबर सूर्यफुलाचीही लागवड करण्यात आली होती. दोन्ही पिके हातची गेली. त्या वर्षी लक्ष्य ३२ लाख एकरांवरून १९५४ पर्यंत ६ लाख एकर असे खाली आणण्यात आले. महामंडळाचे हिशेब योग्य प्रकारे ठेवले गेले नसल्याचा शेरा लेखापरीक्षकांनी मारला आणि संसदेत त्यावर वादळी चर्चा झाली. मूळ अहवालाचे कर्ते वेकफील्ड यांना महामंडळाच्या संचालक मंडळावरून दूर व्हावे लागले. अखेर जानेवारी १९५१ मध्ये ब्रिटिश शासनाने मूळ योजना सोडून दिल्याचे जाहीर केले.

उरलेले काम प्रायोगिक शेतीच्या स्वरूपात चालू ठेवण्यात आले व १९५५ मध्ये ते टांगानिका ॲग्रिकल्चरल कॉर्पोरेशन या संस्थेकडे सोपविण्यात आले. काँग्वा येथे गुरांच्या पैदाशीचे क्षेत्र व उरांबो येथे तंबाखूची शेती विकसित झाली. म्हणजे काँग्वाची जमीन शेवटी गोगो लोक तिचा जो उपयोग करीत होते, त्याच उपयोगाकडे वळली. म्ट्वाराचे बंदर टिकले; पण नेण्यासाठी पुरेसा माल नसल्याने दक्षिणेकडील लोहमार्ग १९६० नंतरच्या दशकात उखडण्यात आला. टांगानिका १९६१ मध्ये स्वतंत्र झाल्यावर काँग्वाचा परिसर दक्षिण आफ्रिकेतील मुक्तिचळवळींच्या प्रशिक्षण छावण्यांसाठी वापरला गेला.

भारतातील समकालीन प्रयत्न : याच सुमारास भारतातही अवजड ट्रॅक्टरांनी जमीन वहितीखाली आणण्याचा मोठा प्रयत्न झाला. त्याच्याशी तुलना केल्यास टांगानिकातील निर्णयातील उणिवा अधिक स्पष्ट होतात. बुंदेलखंड, सागर, भोपाळ व होशंगाबाद या भागांतील काळ्या जमिनीत कांस नावाचे गवत माजते. त्याची मुळे व भूमिगत खोडे खोलवर जातात. देशी नांगराने वरवर नांगरल्यास त्यांचे तुकडे होऊन ते अधिकच फैलावते. कांस माजले, की शेतकरी जमीन सोडून देत आणि दहा-पंधरा वर्षांनी ते आपोआप विरळ झाल्यावर पुन्हा लागवड करीत. महाराष्ट्रातील काळ्या जमिनीत हरळी व कुंदा या तणांचा उपद्रव याच जातीचा आहे. ती काढण्यासाठी सहा-आठ बैलांचा लोखंडी नांगर चालवावा लागे. ज्याच्या घरी एवढे बैल नसत, तो शेजाऱ्यांचे बैल आपल्याकडे जोडून घेई.

युद्धानंतर भारत सरकारने अमेरिकन सैन्याचे शिल्लक ट्रॅक्टर घेऊन सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन ही संघटना उभारली. हे ट्रॅक्टरही जुनेच होते आणि त्यांच्या बळावर काम दीर्घकाळ चालणे शक्य नव्हते. म्हणून सप्टेंबर १९४९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांसाठी जागतिक बँकेकडून १ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर करून घेण्यात आले. रेल्वेसाठी मिळालेल्या कर्जानंतरचे भारताला मिळालेले हे जागतिक बँकेचे दुसरे कर्ज होय. सर्व रक्कम उचलण्याची आवश्यकता न पडल्याने तिचा काही भाग पुढे रद्द करण्यात आला.

या दोन प्रयत्नांत यंत्रे बऱ्याच अंशी सारखी होती. परिस्थिती मात्र वेगळी होती. कांस माजलेली जमीन पूर्वी पिकत होती. तिची मृदा, पाऊस व योग्य पिके यांविषयी शंका नव्हती. तणाचा स्वभाव कळलेला होता. उन्हाळ्यात सु. एक फूट खोल नांगरट करून मुळे उघडी पाडली, की ती उन्हाने वाळतात. यंत्राचे काम त्या एका नांगरटीपुरते होते. ते झाल्यावर जमीन तेथील शेतकऱ्याच्या ताब्यात येई आणि पुढील मशागत तो आपल्या बैलांनी करी. काँग्वा येथे रान मोडणे, नांगरणे, पेरणे व काढणे या सर्व क्रिया यंत्रावरच अवलंबून होत्या आणि यंत्र थांबले असता काम पुढे नेणारा शेतकरी तेथे नव्हता.

मूल्यमापन : महामंडळाच्या सेवेत राहिलेले पत्रकार ॲलन वुड यांनी १९५० मध्येच या प्रकरणावर ग्रंथ लिहिला. अर्थशास्त्रज्ञ एस. हर्बर्ट फ्रँकेल यांनी काँग्वाच्या प्रयोगाची चिकित्सा केली असून तीत उत्पादनाच्या साधनांपेक्षा स्थानिक परिस्थितीच्या ज्ञानाचा अभाव हे अपयशाचे मुख्य कारण मानले आहे. योजनेमागील हेतू प्रामाणिक होता व टंचाईही खरी होती, याविषयी मतभेद नाही. यंत्रे मुळातच निरुपयोगी होती, असेही म्हणता येत नाही. पुढील काळात जगाच्या अनेक भागांत याच प्रकारच्या ट्रॅक्टरांनी आणि साखळीच्या युक्तीने मोठी क्षेत्रे साफ झाली आहेत.

दोष निर्णयाच्या क्रमात होता. यंत्र विकत घेण्यापूर्वी जमीन साफ झाल्यावर तीत काय व किती पिकेल, हे ठरावे लागते. त्यासाठी त्याच जमिनीवर काही हंगामांचा प्रयोग लागतो. खर्चाचा अंदाज झाड आडवे होण्यापाशी न थांबता मुळे निघून पेरणी होईपर्यंत न्यावा लागतो. यंत्राच्या किमतीत कर्मशाळा, सुटे भाग, वाहतूक व चालकाचे शिक्षण यांचा खर्च धरावा लागतो आणि वर्षातून किती दिवस ते खरोखर चालेल, हे यंत्राच्या माहितीपत्रकावरून न ठरविता तेथील ऋतुमानावरून ठरवावे लागते. एकदाच करावयाच्या कामासाठी यंत्र मालकीचे असावे, सामाईक संघटनेचे असावे की भाड्याने घ्यावे, हाही हिशेबाचा भाग होय. टांगानिकात हे सर्व प्रश्न उपस्थित झाले. परंतु यंत्रे जहाजांवर चढल्यानंतर. प्रयोगासाठी दोन-तीन वर्षे थांबणे परवडणार नाही, असे १९४६ मध्ये मानण्यात आले होते. त्यानंतरच्या चार वर्षांत टंचाई कमी करण्याइतके तेल या योजनेतून मिळाले नाही.

सर्वांत मोठे नुकसान पैशापुरते मर्यादित राहिले नाही. वसाहतीतील शेतीच्या सुधारणेसाठी उपलब्ध होऊ शकणारे भांडवल, लोहमार्गाची क्षमता व प्रशिक्षित माणसे एका ठिकाणी गुंतून पडली. त्याच काळात कानोच्या स्थानकाबाहेर हातकुदळीने पिकविलेला भुईमूग मालडब्यांची वाट पाहत पडून होता.